घाटातलं घड्याळ

बैलगाड्याची एक बारी, म्हणजे एक धाव, साधारण बारा सेकंदांत आटोपते. घाट चांगला असेल आणि बैल रंगात असतील तर साडेअकरा, बिनसलं तर चौदा-पंधरा. या बारा सेकंदांसाठी शिरूर तालुक्यातलं गाव घरटी वर्गणी काढतं, गाडामालक घरच्या माणसांना सांगणार नाही इतका पैसा बैलाच्या खुराकावर घालतो. आणि याच बारा सेकंदांवर ७ मे २०१४ पासून १६ डिसेंबर २०२१ पर्यंत महाराष्ट्रात बंदी होती. बंदी उठली, गाडे पुन्हा पळायला लागले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण शर्यत नेमकी चालते कशी, निकाल कोण आणि कशावरून ठरवतं, आणि हरलेला माणूस तो निकाल मुकाट का मानतो, हे घाटाबाहेरच्या फार थोड्यांना माहीत असतं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि मावळ हा गाड्यांचा मुलूख. शिरूर तालुक्यातली कवठे येमाई, टाकळी हाजी, कान्हूर मेसाई, पाबळ ही या पट्ट्यातली गावं. रब्बीची सुगी आवरत आली की माघापासून वैशाखापर्यंत ग्रामदेवतांच्या यात्रा लागतात. पहाटे अभिषेक, मग मांडवडहाळे, दिवसभर गाडे, रात्री तमाशा किंवा भजन, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. गाडे हा यात्रेचा एक भाग आहे, यात्रा सोडून उभा राहिलेला स्वतंत्र खेळ नव्हे. ही गोष्ट पुढे न्यायालयातही महत्त्वाची ठरली.

इथला घाट म्हणजे माळावर चढणीला काढलेली सरळ धावपट्टी. खाली गाडे जुंपायची जागा, वर निशाण, दोन्ही बाजूंना माणसांना थोपवणारी भिंत किंवा लोखंडी कठडे. चढण मुद्दाम असते. तिच्यामुळे बैलाचा कस लागतो, आणि वर पोचेपर्यंत वेग आपोआप ओसरत असल्यानं बैल धरणं सोपं जातं. गाड्याचं शेतातल्या बैलगाडीशी नातं नावापुरतं. हलका लाकडी सांगाडा, दोन चाकं आणि लांब दांडी, एवढंच. याला चार बैल. गाड्याला लागून असलेली मागची जोडी धुरेची, तिच्या पुढची जुकाटाची. धुरेला अंगानं भरलेले, सरळ पळणारे बैल लागतात, कारण गाड्याचा तोल त्यांच्यावर. जुकाटाला चपळ बैल, सुटताक्षणी उसळी घेणारे. एकट्यानं वाऱ्यासारखा पळणारा बैल जोडीला लागला की दुसऱ्याला ओढत बाजूला नेतो, असं पुष्कळदा होतं. म्हणून चार उत्तम बैल म्हणजे उत्तम गाडा असं गणित घाटात बसत नाही.

बाहेरचा माणूस पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त आश्चर्य याचं वाटतं की गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. बैल रिकामा गाडा घेऊन पळतात. त्यांच्या पुढे असते घोडी आणि तिच्यावरचा स्वार. घोडी निघाली की बैल तिच्या मागं निघतात. महिनोन्‌महिने तालमीत त्यांना तेवढंच शिकवलेलं असतं. तालीम म्हणजे माळावरच्या फेऱ्या, घोडीमागं सोडणं आणि डोहात किंवा तळ्यात पोहणी. पोहण्यानं दम वाढतो आणि पायांवर भार येत नाही. घोडी मंद पडली तर मागच्या बैलांची शिंगं तिच्या पुठ्ठ्याला भिडतात, फार पुढं गेली तर बैलांचं लक्ष सुटतं. घोडीवाल्याचं नाव बक्षिसाच्या पाटीवर क्वचितच दिसतं, पण जाणता गाडामालक बैलाइतकीच घोडीही पारखून ठरवतो.

आता खाली जुंपणीच्या जागेकडे पाहा. खरी कसरत तिथं असते. चार बैलांना दहा-बारा जण धरून उभे. धुरेचे बैल आधी जुंपतात, मग जुकाटाचे. बैलाला कळलेलं असतं. तो पाय आपटतो, मान झटकतो, फुरफुरतो. एक जण कासरा आखडून धरतो, दुसरा वशिंडावर हात ठेवून त्याला नावानं पुकारत राहतो. चारही तोंडं सरळ वर व्हायला हवीत. एकाचंही तोंड वाकडं असताना सोडलं तर गाडा पहिल्याच ढांगेला कठड्याकडे जातो आणि बारी वाया जाते. ध्वनिक्षेपकावरचा पुकारणारा मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं म्हणत असतो. त्याचा आवाज चढत जातो, निशाण हलतं, धरणारे एकाच क्षणी सोडून बाजूला उड्या मारतात आणि ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते. तो सूर घाटाबाहेरच्या कुठल्याही क्रीडासमालोचनात सापडायचा नाही. या सोडण्यात अर्ध्या सेकंदाचा घोळ झाला तर तो वर भरून निघत नाही. म्हणून सोडणारी पोरं मालकाची खास असतात, आणि बारी फसली की पहिली शिवी त्यांनाच बसते.

एका वेळी एकच गाडा सुटतो. समोर दुसरा गाडा नाही, म्हणजे कोण पुढं आणि कोण मागं हे डोळ्यांना दिसत नाही. स्पर्धा सगळी घड्याळाशी. दिवसभरात शे-दोनशे बाऱ्या झाल्या तरी सकाळी साडेआठला पळालेला गाडा आणि दुपारी चारला पळालेला गाडा यांची तुलना त्या आकड्यावरच होणार. म्हणून घड्याळावर विश्वास नसेल तर शर्यतीला अर्थ राहत नाही.

पूर्वी हे घड्याळ माणसाच्या हातात असायचं. खालचं निशाण पडलं की वर उभ्या असलेल्या पंचानं बटण दाबायचं, बैल रेषेवर आले की पुन्हा दाबायचं. डोळ्यानं पाहून बोट हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. गाडा ताशी छत्तीस किलोमीटरनं धावतो असं धरलं, तर तेवढ्या वेळात तो दोन मीटर पुढं गेलेला असतो. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे सारखाच उशीर झाला तर चूक फिटते, पण माणूस दोन्हीकडे सारखा नसतो. ओळखीचा गाडा आला की बोट किंचित लवकर दाबलं जातं, असा संशय घेणारेही असतातच. भांडणं व्हायची ती इथं. आता बहुतेक मोठ्या घाटांत रेषेवर सेन्सर असतात आणि वेळ मोठ्या डिजिटल फलकावर सगळ्यांसमोर झळकते, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत. पंचाच्या हातातला आकडा गर्दीच्या डोळ्यांसमोर आला. बंदीनंतरच्या काळातली सगळ्यात मोठी सुधारणा मला तरी हीच वाटते, कारण तिनं पंचाच्या नियतीचा प्रश्नच काढून टाकला.

तरी भांडणाची जागा पूर्ण मिटलेली नाही, आणि याला कारण बक्षीस वाटण्याची रीत. घाटात ‘पहिला आला’ असा एकच गाडा नसतो. आधी सेकंदांच्या मर्यादा ठरवतात: इतक्या सेकंदांच्या आत तो पहिला नंबर, त्यापुढं एवढ्यापर्यंत दुसरा, मग तिसरा. पहिल्या नंबराच्या मर्यादेत पंचवीस गाडे आले तर पहिल्या नंबराची रक्कम त्या पंचवीस जणांत वाटली जाते. पहिल्या नंबरात सगळ्यांत आधी येणारा फळीफोड, आणि दिवसातला सगळ्यांत कमी वेळ ज्याचा तो घाटाचा राजा. पहिल्या नंबरातल्या गाड्यांची पुन्हा फायनल होते आणि मोटारसायकली वगैरे मोठी बक्षिसं तिथं जातात. ही रीत चांगली आहे. एकाच श्रीमंत मालकाकडे सगळं जात नाही, दोन एकरवाला गाडामालकही नंबरात येऊन घरी गुलाल नेतो. पण मर्यादेच्या काठावर ती निष्ठुर असते. मर्यादा बारा सेकंदांची असेल, तर ११.९९ वाला आणि साडेअकरावाला दोघंही पहिल्या नंबरात सारखेच, पण १२.०१ वाला एकदम दुसऱ्यात. शंभराव्या हिश्शाचं घड्याळ लागतं ते या काठासाठी.

घड्याळानंतरचा दुसरा विश्वासाचा सांधा म्हणजे टोकन. गाडा कधी पळणार याला फार महत्त्व आहे. सकाळी घाट घट्ट असतो आणि ऊन कमी असतं. दुपारपर्यंत शेकडो खुरांनी माती उखणलेली असते आणि बैल उन्हानं लोळागोळा. मालकाच्या वजनावर क्रम ठरू लागला तर घड्याळ कितीही चोख असून उपयोग नाही. म्हणून यात्रेच्या आधी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या निघतात आणि टोकन क्रमांक लागतो. ज्या गावात टोकन उघड्यावर निघतं त्या गावच्या घाटाला लांबून गाडे येतात. ज्या गावात ते बंद खोलीत निघतं तिथली टोकनं नंतर विकत मिळतात अशी कुजबुज सुरू होते, आणि दोन-तीन वर्षांत गाडे आटतात. परीक्षा घेणारं कोणी मंडळ नसताना गाडामालक पायांनी मत देतात ते असं.

निकालावरच्या विश्वासाचा प्रश्न फक्त घाटातच पडतो असं नाही. इथं जरा लांब इंग्लंडला जाऊन येऊ. तिथं स्पीडवे नावाची मोटारसायकलींची शर्यत आहे. मातीचा लंबगोल, पाचशे सीसीच्या ब्रेक नसलेल्या गाड्या, एका वेळी चार स्वार आणि चार फेऱ्या. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच इथं झालेल्या शर्यतीपासून हा खेळ ब्रिटनभर पसरला असं मानतात. एके काळी हजारोंनी गर्दी खेचणारा हा खेळ आता मैदानं सांभाळताना मेटाकुटीला आला आहे. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन या जुन्या संघांची मैदानं २०२३ च्या हंगामानंतर त्यांच्या हातून गेली. खेळ पुन्हा कसा उभा करायचा याची चर्चा तिथं कायम चालू असते, आणि तिच्यात एक जुनं दुखणं हमखास निघतं: पाहुणा स्वार. आपल्या संघाचा स्वार जखमी झाला की दुसऱ्या संघाचा स्वार त्या दिवसापुरता उसना घेता येतो. काल आपल्याविरुद्ध जिंकलेला आज आपल्या रंगाचा सदरा घालून येतो. शर्यत चुरशीची होते, पण जिंकलं नक्की कोण, असं प्रेक्षकाला वाटू लागतं.

घाटात हीच गोष्ट राजरोस चालते आणि कोणाला खटकत नाही. धुरेचे दोन बैल एकाचे, जुकाटाचा एक दुसऱ्याचा, चौथा तिसऱ्याच गावचा. पुकारणारा सगळ्यांची नावं घेऊन ‘जुगलबंदी’ जाहीर करतो. पुढच्या यात्रेला तेच बैल वेगळ्या गाड्याला. हे चालतं, कारण घाटाची निष्ठा संघाशी बांधलेली नाही, बैलाशी आहे. लोकांना बैल नावानिशी ओळखू येतात, त्याची मागच्या घाटातली वेळ तोंडपाठ असते. ब्रिटिश स्पीडवेनं शहराच्या नावावर संघ उभे केले आणि स्वार मात्र उसने दिले; तिथं गफलत झाली. गाडामालकांनी ती चूक केली नाही, कदाचित संघ काढायचं त्यांच्या मनातच कधी आलं नाही म्हणून.

बंदीची हकीकत थोडक्यात सांगायला हवी, कारण आजचे सगळे नियम तिच्यातून निघाले. ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढली. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्यासारखे जे प्राणी करमणुकीसाठी शिकवायला आणि लोकांसमोर खेळवायला बंदी होती त्यांच्या यादीत बैलही घातला. मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महाराष्ट्रातली बंदी उचलून धरली. प्रकरण दिल्लीला गेलं, तामिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर ऐकलं गेलं आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन्ही बंद केलं. निकालातला एक मुद्दा गाडामालकांच्या फार जिव्हारी लागला: बैल हा ओझं ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखा पळण्यासाठी त्याची शरीररचना नाही. शेपटी पिरगाळणं, चावणं, टोचणं, मारणं यांचे पुरावेही न्यायालयासमोर होते, आणि ते खोटे होते असं घाट पाहिलेला प्रामाणिक माणूस म्हणणार नाही.

तामिळनाडूत जानेवारी २०१७ मध्ये मरीना किनाऱ्यावर माणसं उतरली आणि तिथल्या सरकारनं कायदा बदलला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, केंद्राचा. पण विषय समवर्ती सूचीतला, म्हणून राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीनं दुरुस्ती करता येते. महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही एप्रिल २०१७ मध्ये दुरुस्ती केली, संमती मिळाली, पण ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं नियम होईपर्यंत शर्यती थांबवल्या, आणि नियम झाल्यावर ऑक्टोबरमध्येही स्थगिती तशीच ठेवली. बैलाला पळता येतं की नाही याचा अभ्यास करायला राज्यानं समिती नेमली. तिनं पळता येतं असा अहवाल दिला. दरम्यान तामिळनाडू आणि कर्नाटकात खेळ सुरू होते, महाराष्ट्रात बंद. या विसंगतीवर बोट ठेवून १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली. पुढं १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. खेळ परंपरेचा भाग आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम, त्यात आम्ही पडत नाही, असं त्या निकालाचं सूत्र. मात्र नियम काटेकोरपणे पाळले जातात की नाही याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर, हेही त्यात स्पष्ट आहे.

या साडेसात वर्षांत काय गेलं? पळणारा बैल तिसऱ्या-चौथ्या वर्षी घाटात उतरतो आणि नऊ-दहा वर्षांचा होईस्तोवर कामाचा असतो. म्हणजे बैलांची एक अख्खी पिढी घाट न पाहता म्हातारी झाली. त्यात मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचा बाजारही संपला. नांगरट ट्रॅक्टरनं आधीच घेतली होती. खिलार खोंड ठेवायचं कारण शेतकऱ्याला उरेना. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या मध्ये देशातल्या नर गोवंशाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. याला शर्यतबंदी जबाबदार नाही, यंत्रच जबाबदार आहे. पण बंदी उठताच जातिवंत खोंडांचे भाव लाखांत गेले, तेव्हा शर्यत ही खिलारच्या पैदाशीमागची शेवटची मोठी मागणी आहे हे लपून राहिलं नाही.

शिरूर लोकसभा मतदारसंघात तर हा निवडणुकीचा मुद्दा झाला. २०१९ ला निवडून आलेले अमोल कोल्हे यांनी शर्यत सुरू झाल्यावर घोडीवर बसून बारी मारीन असं सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांनी ते केलंही. आधीचे खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांनी परवानगीनंतरची पहिली शर्यत लांडेवाडीला १ जानेवारी २०२२ रोजी ठेवली होती; करोनाच्या निर्बंधांमुळे ती ऐनवेळी थांबली. श्रेय कोणाचं यावर दोघांचे कार्यकर्ते अजूनही वाद घालतात. तो वाद त्यांनाच लखलाभ.

आता नियम. आयोजकानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि ५० हजार रुपयांची अनामत ठेवायची. पळण्याचं अंतर १००० मीटरपेक्षा जास्त नको. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका देणारं यंत्र काही चालणार नाही. शेपटी पिरगाळायची नाही, चावायची नाही. बैलाला उत्तेजक द्यायचं नाही. एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त फेऱ्या नकोत, मध्ये विश्रांती हवी. पशुवैद्यकानं तपासून दाखला द्यायचा. सगळ्या शर्यतीचं चित्रीकरण करून जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचं. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

यातली पशुवैद्यकाची तपासणी ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. धावून आलेला नसताना निरोगी बैलाचं तापमान साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट असतं, श्वास मिनिटाला वीस-तीस. टेम्पोतून तीन तास आलेला बैल उतरल्या उतरल्या तपासला तर दोन्ही आकडे चढलेले दिसतात, म्हणून त्याला आधी सावलीत उभं करतात. मग चालवून पाहतात: मागचा पाय ओढतोय का, खूर टेकताना मान खाली जातेय का. खुरातली फट आणि नाल पाहतात. मग शेपटी. डॉक्टर शेपटीच्या बुंध्यापासून गोंड्यापर्यंत मणक्यांवरून बोटं फिरवत नेतात. पिरगाळून मोडलेला मणका जुळला तरी तिथं गाठ राहते, ती केसांखाली दिसत नाही पण बोटाला लागते. चावल्याचे वण वेगळे. पाठीवर, पुठ्ठ्यावर टोचल्याच्या खुणा, नाकातल्या वेसणीजवळची ताजी जखम. ताजं असेल तर बैल बाद व्हायला हवा. एका बैलाला हे नीट करायला दहा मिनिटं तरी लागतात. दोनशे गाड्यांचे आठशे बैल आणि दोन डॉक्टर असतील, तर एकेका डॉक्टरला चारशे बैल आले, म्हणजे ६६ तासांहून अधिक. यात्रा एका दिवसाची. दाखले मग कसे भरले जात असतील हे सांगायला नको. नियमाचा दोष नाही, बेरजेचा आहे. आणि तो सुटायला एकच मार्ग आहे, गाड्यांची संख्या डॉक्टरांच्या संख्येवरून ठरवणं. टोकनं वाटतानाच ते करता येईल. गावाला ते नको असतं, कारण गाडे जितके जास्त तितकी यात्रा मोठी.

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा राज्यानं जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवल्या. त्यानंतर परवानग्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लसीकरणाच्या दाखल्याचा आणि कानातल्या बिल्ल्याचा आग्रह वाढला. बारा आकडी क्रमांकाचा तो पिवळा बिल्ला रोगासाठी आला, पण शर्यतीला त्याचा वेगळाच उपयोग आहे. सकाळी तपासलेला बैल आणि दुपारी जुंपलेला बैल एकच आहे, आणि तो आज चौथ्यांदा पळत नाहीये, हे क्रमांकावरून पडताळता येतं. तीन फेऱ्यांचा नियम पाळायचा तर फेऱ्या बैलाच्या नावावर मोजायला हव्यात, आणि जुगलबंदीत बैल चार गाड्यांना फिरतो. टोकनाच्या वहीत बिल्ल्याचा क्रमांक लिहिणं एवढंच काम आहे.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याच्या रस्त्याला लागलं आणि पारगावजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका येतो. डोंगर मागं राहतात, सपाट ऊसपट्टा सुरू होतो, आणि शर्यतीचा घाट बदलतो. दौंड, बारामती, इंदापूर आणि पुढं सातारा-सांगलीकडे मैदानातल्या शर्यतीचा रिवाज. दोन बैलांची छकडी, वर हाकणारा गाडीवान, आणि आखलेल्या पट्ट्यांतून एकाच वेळी सुटणाऱ्या अनेक गाड्या. गट, मग सेमी फायनल, मग फायनल. साताऱ्याच्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतली हिंदकेसरी शर्यत ही या रिवाजातली मानाची.

इथं घड्याळाची गरज कमी, कारण कोण पुढं हे डोळ्यांना दिसतं. निशाणाच्या रेषेवरचा कॅमेरा एकाआड एक नाकं वेगळी करतो. पण भांडणाच्या जागा वेगळ्या. सुटताना कोणी आधी सुटलं का, आणि पळताना कोणी दुसऱ्याच्या पट्ट्यात घुसलं का. आणि तिसरी, दाताची. मैदानात वयाप्रमाणे गट असतात. आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेला खोंड, दुसा, चौसा. दोन वर्षांच्या आसपास मधले दोन दुधाचे दात पडून कायमचे रुंद दात येतात, मग दरवर्षी साधारण एक जोडी, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास बैल जुळतो, म्हणजे त्याचे दात पूर्ण होतात. आदतच्या बक्षिसासाठी दुसा उतरवायचा मोह होतोच. पंच खोंडाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून दात पाहतो: दुधाचा दात बारीक, पांढराशुभ्र, मुळाशी अरुंद, कायमचा रुंद आणि किंचित पिवळसर. हिरडीतून नुकतं डोकं काढलेला दात असेल तर तो आला म्हणायचा की नाही, यावर पंधरा मिनिटं वाद झालेला पाहावा. जाणत्या म्हाताऱ्यांना तिथं बोलावतात आणि त्यांचा शब्द शेवटचा मानतात.

मैदानातल्या शर्यतीत गाडीवान असल्यामुळे नियमभंगाची संधीही जास्त. घाटात बैल सुटल्यावर त्याला कोणी हात लावू शकत नाही. जे काही व्हायचं ते जुंपणीच्या जागी होतं. मैदानात गाडीवान सबंध पल्ला बैलांच्या शेपटीशी बसलेला असतो. म्हणून घाटात कॅमेरा खाली हवा आणि मैदानात तो पट्ट्याच्या कडेनं पूर्ण पल्ला टिपणारा हवा. परवानगीच्या कागदावर ‘चित्रीकरण करावे’ एवढंच लिहून भागत नाही. सध्या बहुतेक कॅमेरे निशाणाकडे तोंड करून असतात, कारण यूट्यूबवर थेट पाहणाऱ्यांना तेच बघायचं असतं. या थेट प्रक्षेपणांनी वेळेची लबाडी जवळजवळ अशक्य केली हे खरंच. पुण्याला, मुंबईला, दुबईला बसलेला गाववाला तीच बारी परत परत लावून पाहतो आणि फलकावरचा आकडा पडताळतो.

पैसा वाढला तसं हे सगळं अवघड होत चाललंय. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला झालेल्या शर्यतीत बक्षिसांत जेसीबी होतं, ट्रॅक्टर होते, मोटारसायकलींची तर रांगच. यात्रेतला गाडा गावाच्या वर्गणीवर पळायचा तेव्हा आयोजक म्हणजे गाव होतं, आणि चुकलं तर पुढच्या वर्षी तोंड दाखवायचं असायचं. आता आयोजक बऱ्याचदा पुढारी असतो, वाढदिवसाच्या निमित्तानं. ज्याच्या बक्षिसावर शर्यत चालते त्याच्याच माणसानं बैल बाद ठरवायचा, आणि ज्याला मंचावर बसवलंय त्या अधिकाऱ्यानं खाली जाऊन शेपट्या तपासायच्या, अशी ही व्यवस्था आहे. जेसीबीच्या बक्षिसापुढं पन्नास हजारांची अनामत म्हणजे मंडपाच्या खर्चातली किरकोळ रक्कम. अनामत बक्षिसाच्या रकमेच्या प्रमाणात ठेवली, आणि ती परत देण्याआधी चित्रीकरण खरोखर पाहिल्याची सही घेतली, तर पशुवैद्यकाच्या ‘नाही’ला वजन येईल. त्याला नवा कायदा लागत नाही. नियमांत दुरुस्ती पुरते, आणि ती दुरुस्ती मागायला गाडामालकांच्या संघटनांनीच पुढं व्हायला हवं, कारण उद्या कोणी पुन्हा न्यायालयात गेलं तर पुरावा म्हणून समोर येणार आहे ते हेच चित्रीकरण.